भाराखाली

स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला, डब्याच्या मधोमध:
हे बिडवेसाहेबांच्या काळचं यंत्र.
धोंडी ते गंगाखेड किती पाणी सांडलं
यावर ठरायचं, गँग उद्या कुठे जाईल.
पेला अजून ऑफिसात आहे. मी त्यात पेनं ठेवते.

आज परभणीहून निघालेल्या डब्याखाली
आसाच्या पेटीला चिकटलेली चार खोकी,
काड्यापेटीएवढी,
सेकंदाला दोन हजारदा विचारणारी:
हललं? हललं? हललं?
समोर बुडापेस्टच्या इल्दिको बाई.
शेजारी मोरिता, ज्याने सकाळपासून तीनदा शून्य तपासलं
आणि सुशीला दोनदा वाढून घेतला.

सिंगणापूर यायच्या आत दोघांचं वाजलं.
सभ्य भांडण, आकड्यांचं.
मोरिता दहा मीटरची दोरी ताणून बघतो,
बाई लाटेची लांबी धरतात,
आमच्या पुस्तकात तिसरंच.
एकच खड्डा,
तीन देशांत तीन खोलींचा.
मी चहा ओतत राहिले.
एका बांधाच्या दोन मोजण्या आम्हाला काही नव्या नाहीत.

नुसता बघितला तर रूळ सरळच असतो.
रिकामा रूळ कुणाला खरं सांगत नाही.
स्लीपर खालून पोकळ, गिट्टीला टेकलेलाच नाही,
रुळालाच लटकलेला,
सोयरे आले म्हणून ताठ बसलेल्या माणसासारखा.
वर चाक आलं की मगच कळतं
किती दिवस तो अधांतरी होता.

एकोणीस बटा चार. पडद्यावरची रेघ खाली गेली,
वर आली, पुन्हा गेली.
खिडकीतून दिसला मुंजाजी, आमचा कीमन,
हिरवी झेंडी धरून, खांद्यावर हातोडा,
आणि त्याच्या पायाशी, रुळाच्या पोटावर
खडूची फुली.

गंगाखेडला गाडी थांबली तेव्हा हिशेब लावला.
त्याच्या नऊ फुल्या. खोक्यांची अकरा टोकं.
सात जुळली.
दोन फुल्यांवर रेघ सपाट होती.
"तिथं आत्ता नाही," तो म्हणाला,
"मे महिन्यात या, दुपारच्या तीनला."
इल्दिको बाईंनी हे वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.
उरलेल्या चार टोकांपुढे मात्र तो गप्प झाला.
"रोज त्याच्यावरून जायलोय," म्हणाला,
आणि टोपी काढून परत घातली.

बाई भरावावरून खाली उतरल्या,
भेगेतलं एक काळं ढेकूळ उचललं, चुरडलं, वास घेतला.
तिस्सा नदीकाठी आमचीही अशीच, म्हणाल्या,
भिजली की फुगते, सुकली की तोंड उघडते,
रुळाला सुखानं झोपू देत नाही.
मी मुंजाजीला सांगितलं.
त्यानं जरा वेळ त्या ढेकळाकडं बघितलं.
"तिकडं कोण चालतंय?"
म्हणजे?
"म्हणजे तिच्या काळ्या रानातून. कीमन कोण हाय?"
बाईंना माहीत नव्हतं.
हे सांगताना त्या लाजल्या, तेवढं मला दिसलं.

नंतर महिनोन्महिने कागद फिरले.
सात मसुदे, रात्री अकराच्या मीटिंगा,
मोरिताचा आवाज मधेच गोठायचा,
आमचे सीनियर म्यूटवर बोलत राहायचे.
शेवटी ठरलं: तीन मीटर ते पंचवीस मीटर,
सगळ्यांनी एकाच लाटेत मोजायचं.
आमच्या खड्ड्याला आता एकच खोली आहे,
इथून तिस्सापर्यंत.

त्या मेलच्या तळाशी, तक्त्यांच्याही खाली, एक ओळ होती:
फेरेन्स. वय चोपन्न. रोज आठ किलोमीटर.
उजवा गुडघा दुखतो.

मुंजाजीनं नाव दोनदा म्हणून बघितलं.
फेरनाथ, त्याला तेवढंच जमलं.
कालही पोखर्णीच्या बाजूनं येताना
हातोडा टेकवून विचारलं त्यानं,
सहज, बाजूच्या गँगमधल्या माणसाचं विचारावं तसं:
"मॅडम, फेरनाथची जमीन फुगली का म्हणाव?"

मला विचारावं लागेल.
मी पेल्यातलं पेन काढलं.